४९९ रुपयांचं ‘२१ इन १’ मल्टीटूल घेऊ का?

भाऊ, तुम्ही विचारलंत ते आधी थोडक्यात मांडतो. दिंडोरीकडे चार एकर द्राक्षबाग, ठिबक, फवारणीचा पंप, आणि महिन्या-दोन महिन्यांनी एखादा गड. दरवेळी पिशवीभर हत्यारं वागवायचा कंटाळा आला म्हणून मल्टीटूल, म्हणजे मुठीत पाती-स्क्रू ड्रायव्हर मिटून बसणारी पक्कड, शोधताय. मोबाइलवर ४९९ रुपयांत ‘२१ इन १, हार्ड स्टेनलेस स्टील’ दिसलं. ते घ्यावं का, नसेल तर भरवशाचं कोणतं, आणि हातात आल्यावर खरं-खोटं ओळखायचं कसं?

ते घेऊ नका. आणि बजेट खरोखर पाचशेचंच असेल तर कुठलंच मल्टीटूल घेऊ नका. त्या पैशात टपारियाची आठ इंची पक्कड आणि उलटसुलट दांडीचा एक टू-इन-वन स्क्रू ड्रायव्हर घ्या, वर चहापुरते सुटेही उरतील. टपारियाचा कारखाना आपल्याच नाशिकच्या सातपूरला, त्र्यंबक रोडवर आहे. १९६९ मध्ये स्वीडनच्या कंपनीच्या तांत्रिक मदतीनं त्यांनी हत्यारं बनवायला सुरुवात केली. घराजवळ इतकी चांगली पक्कड मिळत असताना मोबाइलवरून जस्ताचं खेळणं मागवायचं, हे मला कधी पटलं नाही.

जस्ताचं का म्हणतो ते सांगतो. अंबड एमआयडीसीत मेंटेनन्सला २६ वर्षं काढली, पण हा धडा मला कंपनीत नाही, कसारा घाटात मिळाला. जुलै महिना, धुक्यात पुढची गाडी दिसेना, आणि माझ्या बाइकचा गिअर लिव्हर सैल होऊन गरागरा फिरायला लागला. काम किती? एक बोल्ट आवळायचा. खिशात असंच एक ‘बारा इन वन’ होतं, कुणीतरी दिवाळीला भेट दिलेलं. बोल्टवर लावलं, मूठ दाबली, ‘टक’ झालं आणि पक्कडीचा एक जबडा डांबरावर. उचलून पाहिला. बाहेरून आरशासारखी चमक, आणि मोडलेल्या जागी आत करडा, दाणेदार, ओल्या रव्यासारखा. चांगलं पोलाद सहसा असं मोडत नाही. ते आधी वाकतं, कुरकुरतं, तुम्हाला सावध करतं. हे जस्ताचं ओतकाम होतं, वरून क्रोमचा मुलामा दिलेलं.

मल्टीटूलच्या बाबतीत घडीव आणि ओतीव एवढे दोन शब्द कळले तरी निम्मं काम झालं. घडीव म्हणजे लालबुंद पोलाद साच्यात ठोकून आकार दिलेलं. ओतीव म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतलेला. जस्त सव्वाचारशे अंशांच्या आतच वितळतं, साचे स्वस्तात होतात, मिनिटाला ढीगभर नग निघतात. नळाच्या मुठीला, खेळण्यातल्या गाडीला, कपाटाच्या हँडलला ते चालतं. पक्कडीच्या जबड्याला नाही.

आता एक गंमत. आपल्याकडे भांडीबाजारात बायाबापड्या स्टील कसं तपासतात? लोहचुंबक लावून. चिकटला तर ‘हलकं स्टील आहे’ म्हणून पातेलं परत. ती सवय घेऊन मल्टीटूल तपासायला गेलात तर उलटच निकाल लागेल. भांड्याचं स्टील गंजू नये म्हणून बनवलेलं असतं, त्याला चुंबक चिकटत नाही, पण त्याला तापवून, विझवून कडकही करता येत नाही. पात्याचं आणि जबड्याचं स्टील कडक करावंच लागतं. आपले लोहार ज्याला ‘पाणी देणं’ म्हणतात तेच. अशा स्टीलला चुंबक चांगला चिकटतो. म्हणून पक्कडीच्या जबड्याला चुंबक लावा. चिकटला नाही तर ते एकतर जस्त आहे नाहीतर पातेल्याचं स्टील. दोन्ही नको. चिकटला म्हणून लगेच खूशही होऊ नका, क्रोमखालच्या साध्या लोखंडालाही चुंबक चिकटतो. ही नापास करायची परीक्षा आहे, पास करायची नव्हे.

स्टीलच्या ग्रेडचं विचाराल तर पात्यावर बऱ्याचदा ‘४२०’ लिहिलेलं दिसेल. हसू नका, चारशेवीसचा तो अर्थ नाही, तो खरोखरचा ग्रेड आहे. फक्त त्यातही नाती-गोती आहेत. लेदरमन ही मल्टीटूलची नावाजलेली अमेरिकन कंपनी आपल्या बऱ्याच मॉडेलांत ४२० एचसी वापरते. एचसी म्हणजे कार्बन जास्त, साधारण ०.४५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे पाणी नीट धरतं आणि धार टिकते. नुसतं ‘४२०’ किंवा नुसतं ‘स्टेनलेस’ लिहिलं असेल तर कार्बन किती आणि पाणी कसं दिलं हे देवाला ठाऊक. त्या पात्यानं दोन दिवस सुतळी कापाल, तिसऱ्या दिवशी टोमॅटोही दबून फुटेल.

आकड्याकडे तर बघूच नका. हा आकडा कसा फुगवतात माहीत आहे का? पक्कड एक, तिचं टोक बारीक आहे म्हणून ‘नोज प्लायर’ दोन, मध्ये तार कापायची जागा तीन, मुठीवर रेघा मारल्या की पट्टी चार, बाटली उघडायचा खाचा पाच, आणि सोबत डबीत दिलेले नऊ बिट, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरची सुटी टोकं, एकेक करून मोजायचे. ते बिट पहिल्याच महिन्यात बांधावर पडणार. खरं सांगायचं तर नावाजलेल्या कंपन्याही असंच मोजतात. लेदरमन वेव्ह प्लसची १८ हत्यारं म्हणतात त्यातही पक्कड आणि तार कापणं वेगवेगळं धरलेलं आहे. फरक एवढाच की तिथली अठराही चालतात.

ही वस्तू मुळात कशासाठी जन्माला आली ते ऐका, म्हणजे काय तपासायचं ते आपोआप कळेल. टिम लेदरमन नावाचा अमेरिकन माणूस १९७५ मध्ये बायकोबरोबर जुन्या फियाटमधून युरोप फिरत होता. खिशात स्काउटचा चाकू होता. गाडी सारखी बिघडायची, हॉटेलातले नळ गळायचे, आणि दरवेळी अडायचं ते पक्कडीवाचून. चाकूत पक्कड बसवायची म्हणून तो कामाला लागला आणि पहिलं टूल बाजारात यायला १९८३ उजाडलं. आठ वर्षं! म्हणजे मल्टीटूल ही पक्कड आहे, बाकीचे सगळे तिच्या मुठीत बसलेले पाहुणे. पक्कड गचाळ असेल तर पाहुणे कितीही असोत.

म्हणून दुकानात हातात घेतलंत की आधी पक्कड मिटा आणि ट्यूबलाइटसमोर धरा. जबड्याच्या टोकाशी उजेडाची फट दिसता कामा नये. टोकाला थोडी कमीजास्त असेल तर खिशातलं बिल त्यात धरून ओढा. फाटलं तर पकड आहे, सटकलं तर नाही. मग दोन्ही मुठी धरून डावी-उजवीकडे हलवा. सांध्यात खेळ असेल तर लगेच जाणवतो, जुन्या कात्रीसारखा. नव्या मालाला खेळ असेल तर सहा महिन्यांत काय होईल याचा विचार करा. पुढे उघड्या तळहातानं मूठ जोरात आवळा, अगदी बोल्ट अडकलाय असं समजून. पत्र्याच्या कडा हातात रुतल्या तर उन्हात, घामेजल्या हातानं तुम्ही ती दाबणारच नाही. (लेदरमनच्या पहिल्या मॉडेलचीही हीच तक्रार होती, नंतर त्यांनी कडा गोल केल्या.) मुठी दाबताना आत वाकत असतील तर पत्रा पातळ आहे, ठेवून द्या.

पाती उघडताना बघा. एक ओढलं की तीन बाहेर येतात का? स्वस्त मालात एका पात्यामागे अख्खी वरात निघते. आणि लॉक. पातं पूर्ण उघडा, पाठीची बाजू लाकडी फळीवर टेकवून दाबा, बोटं त्याच्या वाटेतून लांब ठेवून. लॉक सुटून पातं मिटलं तर तेच पातं एक दिवस तुमच्या बोटावर मिटणार आहे. आमच्या वर्कशॉपमधल्या एका पोराला असेच तीन टाके पडले. केबल सोलत होता. पाती नुसती कडक स्प्रिंगवर राहणारी, लॉक नसलेली टूलंही असतात, छोट्या कामाला ठीक असतात. पण लॉक आहे असं सांगून न धरणारं लॉक सगळ्यात वाईट, कारण आपण त्याच्यावर विसंबतो.

सांधा कशानं जोडलाय तेही पाहून घ्या. रिव्हेट ठोकलेलं असेल तर ते सैल झाल्यावर घरी काही करता येत नाही. ताऱ्याच्या आकाराचा टॉर्क्स स्क्रू असेल तर पाव आटा आवळून पुन्हा चालू. रिव्हेट म्हणजे वाईटच असं नाही, व्हिक्टोरिनॉक्स या स्विस चाकूवाल्या कंपनीचं काम रिव्हेटवरच असतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. पण ते रिव्हेट आणि मोबाइलवरच्या ४९९ वाल्याचं रिव्हेट ही एक जात नव्हे.

फुलीच्या टोकाचा, म्हणजे फिलिप्स, स्क्रू ड्रायव्हर टोकाकडून बघायला विसरू नका. चारही बाजूंनी भरीव फुली असेल तर उत्तम. पत्र्यातून कापलेली चपटी फुली असेल तर कडक बसलेल्या स्क्रूचं डोकं ती गोल करून टाकते. फवारणी पंपाच्या कव्हरवर एकदा असं झालं की मग ड्रिल.

आता तुमच्या कामाचं. बागेत मल्टीटूल कुठे उपयोगी पडतं? १६ एमएमची लॅटरल (ठिबकची नळी) कापायला, तुंबलेल्या ड्रिपरमध्ये टोच्या घालायला, फिल्टरची जाळी काढायला, नोझलचा छोटा नट सैल करायला, बांधणीची तार पिळायला. एवढं भरपूर आहे. मांडवाची ताणलेली जाड जीआय तार मात्र त्यानं कापू नका. नेहमी पाहतो, खरड छाटणीच्या आधी मांडव दुरुस्तीला लोक हेच करतात आणि कटरच्या धारेला अर्धगोल खाचा पडतो. एकदा तो पडला की बारीक तारही नीट तुटत नाही, चावल्यासारखी वाकते. जाड तारेला लांब मुठीचा कटर लागतो, त्याला पर्याय नाही. ताणलेली तार तुटल्यावर उसळून डोळ्यावर येते ते वेगळंच. लेदरमनच्या वेव्ह प्लस आणि रिबार या मॉडेलांत कटरची धार बदलता येते, दोन बारीक स्क्रू काढायचे आणि नवी बसवायची. बागाईतदाराला ही सोय पैसे देऊन घेण्यासारखी आहे. छाटणीला तुमची नेहमीची कात्रीच वापरा, मल्टीटूलमधल्या कात्रीनं काडी कापायला जाऊ नका. ती नखं आणि दोऱ्यासाठी आहे.

नट सोडवायलाही शक्यतो बारा-तेराचा पानाच जवळ ठेवा. पक्कडीनं सोडवलेला नट दुसऱ्यांदा सुटत नाही, त्याचे कोपरे गेलेले असतात. मी घाटात तेच केलं होतं, नाइलाज म्हणून.

आणि वीज. मल्टीटूलच्या मुठी धातूच्या असतात, त्यांना रबर नसतं. मोटारीच्या स्टार्टरमध्ये, बोर्डात, चालू लाइनवर ते कधीही घालायचं नाही. मेन बंद करून, टेस्टर लावून, मग. रबरी मुठीची पक्कड घरात असायलाच हवी असं मी म्हणतो त्याचं हेही एक कारण.

भरवशाचं कोणतं, यावर माझं मत असं. पैसे जमत असतील आणि एकदाच घ्यायचं असेल तर लेदरमनचं वेव्ह प्लस किंवा रिबार, नाहीतर व्हिक्टोरिनॉक्सचं स्विसटूल स्पिरिट. तिन्हींची किंमत पाच आकड्यांकडे जाते, ते आधीच सांगून ठेवतो. वेव्हची पाती पक्कड न उघडता बाहेरून एका हातानं उघडतात. एका हातात लॅटरल धरलेली असताना हे किती सोयीचं पडतं ते तिथेच कळतं. वजन साधारण २४० ग्रॅम, म्हणजे कमरेला पावशेर बांधल्यासारखं, पण तासाभरात विसरायला होतं. रिबार पन्नासेक ग्रॅमनं हलकं आणि आटोपशीर, मात्र पात्यासाठी आधी पूर्ण उघडावं लागतं. स्पिरिटचं काम सगळ्यात सफाईदार. सांधे मऊ, लोण्यात सुरी फिरावी तसे. सगळी हत्यारं बाहेरूनच उघडतात. गडावर नेण्यासाठी मी स्वतः तेच नेतो, बागेत असतो तर रिबार घेतलं असतं. लेदरमन २५ वर्षांची हमी देते, व्हिक्टोरिनॉक्स स्टीलच्या आणि कारागिरीच्या दोषांवर आजन्म. गंज, गैरवापर आणि नेहमीची झीज हमीत येत नाही, हे मात्र नीट वाचून घ्या.

मधली वाट हवी असेल तर तीही आहे. चिनी म्हणजे टाकाऊ, हे आता खरं राहिलेलं नाही. गान्झो, नेक्सटूल अशा काही कंपन्या स्वतःच्या नावानं, स्टीलचा ग्रेड छापून माल विकतात, आणि वरच्या परीक्षांत तो बऱ्यापैकी पास होतो. मी भितो तो बिननावाच्या मालाला, ज्याचं नाव दर महिन्याला बदलतं आणि फोटो तोच राहतो. नावाजलेल्या कंपनीचं टूल अर्ध्याहून कमी किमतीत दिसलं तर तेही सोडा. नकली माल भरपूर फिरतो. नाव कोरलेलं असण्याऐवजी छापल्यासारखं दिसतं, अक्षरांच्या कडा फिसकटलेल्या असतात, आणि हमीचा दावा करायला गेलात की पितळ उघडं पडतं. अधिकृत विक्रेत्याकडून घ्या आणि बिलाचा फोटो काढून ठेवा, कागदी बिलाची शाई दोन पावसाळ्यांत उडते.

जुनं, वापरलेलं चांगल्या कंपनीचं मिळालं तर आनंदानं घ्या. चांगल्या टूलची धार गेली असेल तर ती लावता येते, ओतीव जबड्याला काही करता येत नाही.

निगा फारशी नसते, पण आपल्याकडे दोन गोष्टींनी घात होतो. एक म्हणजे द्राक्षाचा रस. गोड, आंबट आणि चिकट, तो सांध्यात वाळला की पाती जाम होतात आणि स्टेनलेसवरही ठिपके येतात. स्टेनलेस म्हणजे कमी गंजणारं, अजिबात न गंजणारं नव्हे. फवारणीच्या औषधांचंही तेच. संध्याकाळी कोमट पाण्यात उघडझाप करून धुवा, कोरडं पुसा, सांध्याला एक थेंब शिलाई मशीनचं तेल. दुसरी गोष्ट खोबरेल. घरात हाताशी असतं म्हणून लोक तेच घालतात. थंडीत निफाडला पारा एक आकडी होतो, तेव्हा बाटलीतलं खोबरेल जसं गोठतं तसंच ते सांध्यात गोठतं, त्यात धूळ बसते आणि सकाळी पातं उघडायला दात लावायची वेळ येते. पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबककडे ट्रेकला नेलंत तर चामड्याच्या म्यानात ठेवून विसरू नका. ओलं चामडं आणि पोलाद रात्रभर एकत्र राहिलं की सकाळी तपकिरी डाग.

खिशात चाकू बाळगण्याबद्दलही विचारलंत. शेतीच्या, कामाच्या हत्याराला परवाना लागत नाही, आणि शस्त्र नियमांतली नऊ इंच लांबी किंवा दोन इंच रुंदीची मर्यादा मल्टीटूलच्या तीन इंची पात्यापासून फार लांब आहे. पण सणासुदीला, निवडणुकीच्या काळात पोलीस आयुक्तालय महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चे मनाई आदेश काढतं. त्या दिवसांत, मिरवणुकीत, कोर्टात, देवळाच्या दर्शनरांगेत कमरेला लावून फिरू नका. बंदोबस्तावरच्या हवालदाराला लॅटरल आणि ड्रिपर समजावत बसण्यापेक्षा ते गाडीच्या डिकीत बरं. सिंहस्थात तर तपासणी कडक असणारच.

विमानाचं मात्र पक्कं लक्षात ठेवा: हातातल्या बॅगेत मल्टीटूल चालत नाही, चेक-इनच्या सामानात टाका. माझं एक ओझरच्या विमानतळावर सुरक्षा तपासणीत असंच गेलं. सवयीनं कमरेलाच राहिलं होतं, आणि सोडायला आलेला पुतण्या तोवर गाडी घेऊन परतीच्या वाटेवरच्या ‘दहावा मैल’ फाट्यापर्यंत पोहोचला होता.